उत्सर्जनाचा धडा राहिला

मैत्रेयी,

पेशीविभाजनाच्या आकृतीत तू गुणसूत्रं मध्यरेषेच्या किंचित डावीकडे काढली आहेस. मी पेन्सिलीने खूण केली आहे, उठल्यावर नीट कर. उद्याच्या पेपरात अशा चुकीला अर्धा गुण जातो.

पोहे कढईत झाकून ठेवलेत. अनुपममामाला गढ्याच्या त्याच्या घरून घेऊन मी त्याच्या डायलिसिसला जाते आहे, दोनपर्यंत येईन. तोवर श्वसन पुन्हा वाच आणि रक्तगटांचा तक्ता न बघता लिहून काढ. फोन आजीकडे दे.

चार दिवस तुझी उजळणी घेतली, पण उत्सर्जनाचा धडा टाळत राहिले. काल तू विचारलंसही, "आई, तो चॅप्टर काहून सोडून राहिली तू? पाच नंबरचा सवाल त्यातूनच येतो ना!" तेव्हा मी कुकर लावायच्या निमित्ताने उठले. ते बरोबर नव्हतं.

मामासाठी केलेल्या माझ्या तपासण्या जानेवारीतच जुळल्या आहेत. आजी म्हणते, "तुझी पोरगी अजून अकरावीत आहे, विचार कर." दोन महिने विचारच करते आहे. एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो, हे वर्गात दरवर्षी शिकवते. तुझ्यासमोर आणि बाबांसमोर मात्र तोंड उघडत नव्हतं, आणि रात्रीची झोपही लागत नव्हती.

आल्यावर तो धडा आपण दोघी मिळून करू. जे विचारायचं ते सगळं विचार.

आज पहाटे बाबा फॅक्टरीत जायला बूट घालत होते. त्यांच्यासमोर उभी राहून मी म्हटलं, "अनुपमला किडनी मी देणार आहे."