सोवळ्यातला कापूस

भाईंदर पश्चिम,
रविवार, जेवणानंतर

ती. सौ. सुलूताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (गुडघा दुखतोय, त्यामुळे जमेल तेवढाच वाकलोय). तुझी कंबर, सुभाषरावांचा खोकला आणि दारची म्हैस, तिन्ही बरी असतील असं धरून चालतो. आई ठणठणीत आहे. इतकी, की हे पत्र तिच्यामुळेच लिहावं लागतंय. फोन करता आला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "लवू, काय घोळ घातलास ते आधी सांग" म्हणतेस. पत्रात तुला माझं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तर, तू पाठवलेला तीन किलो कापूस सुखरूप पोचला. त्यावर तुमच्या गटातल्या बत्तीस घरांची आशा आहे, हे मला पाठ आहे. आम्ही ज्या परदेशी गिऱ्हाइकासाठी बाळांची झबली-लंगोट शिवतो, त्याला यापुढे जमीन, पाणी आणि माणसं सांभाळून पिकवलेल्याच कापसाचं कापड हवंय. नमुना पसंत पडला तर त्यांची गिरणी तुमचा कापूस थेट उचलणार. एवढी मोठी गोष्ट माझ्या हाती कशी आली, असं तुला वाटेल. मलाही वाटतं. आमच्या भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात मालक जितेंद्रभाईंनी एक दिवस सगळ्यांना विचारलं, "कपास के बारे में किसको मालूम है?" मी म्हटलं, माझी बहीण पिकवते. ते म्हणाले, "बस, लवूभाई, आप ही संभालो." त्या दिवसापासून मी शाश्वत कापूस अधिकारी. (जन्मात कपाशीचं झाड पाहिलेलं नाही. तुझ्याकडे आलो होतो तेव्हा ज्याच्यासोबत फोटो काढले ती तूर होती, हे तू नंतर सांगितलंस. ते फोटो गाळ्यात सगळ्यांना दाखवून झाले होते.)

मला एक पुस्तिका मिळाली. ती मी रोज जेवताना आईला मोठ्याने वाचून दाखवू लागलो, कारण गाळ्यात कुणी ऐकेना. वेचणाऱ्या बायकांनी केस सुती फडक्याने झाकायचे. प्लॅस्टिकच्या गोणीत भरायचा नाही, सुती कापडातच बांधायचा. दुसऱ्या कापसाला लागू द्यायचा नाही, वेगळा ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची. पोरांना वेचायला न लावता शाळेत पाठवायचं. फवारणी गरजेपुरती, तोंड-हात झाकून, वहीत लिहून. (हे मी "याला विष शिवलेलंच नाही" इतकं फुगवून सांगितलं. सुभाषरावांना कळवू नकोस.) आई भात कालवत ऐकायची आणि मान डोलवायची. म्हातारीला विषय पटतोय म्हणून मी मनातून फार खूश होतो.

तुझं गाठोडं आलं त्याच दिवशी ते गाळ्यात न्यायला हवं होतं. नेलं नाही. मी चिठ्ठी सजवत बसलो. शेताचं नाव कुठल्या रंगात लिहावं, कोपऱ्यात बोंड काढावं की पान, यात बारा दिवस गेले. (बोंड काढलं. समिधा मॅडमनी नंतर विचारलं, हा लसूण का?) या समिधा मॅडम म्हणजे गिऱ्हाइकाच्या तपासनीस. त्या येण्याच्या दिवशी सकाळी मी गाठोडं काढायला पलंगाखाली हात घातला, तर तिथे फक्त माझी चप्पल.

आईने शांतपणे दोन डबे पुढे ठेवले. एकात सरकी. दुसरा मोठा, बिस्किटांचा, त्यात वाती. शंभर-शंभरच्या जुड्या, वर चिठ्ठी: सुलूच्या शेतातला. सोसायटीच्या आठ बायका बारा दुपारी बसून लक्षवातींच्या नवसाच्या वाती वळत होत्या, आणि शाश्वत कापूस अधिकाऱ्याला पत्ता नव्हता. मी कपाळाला हात लावला, तर तीच माझ्यावर चिडली. "तूच म्हणालास ना, केस झाकून वेचलाय, कशाला लागू दिलेला नाय, वेगळा ठेवलाय? एवढं सोवळं लंगोटासाठी कोण पाळतं रे? मला वाटलं, सुलूने देवासाठीच धाडलाय." यावर पुस्तिकेत उत्तर नाही. मी शोधलं.

शेवटी तेच दोन डबे आणि माझी सजवलेली चिठ्ठी घेऊन गेलो. मोठ्याचं झाकण उघडताच जितेंद्रभाईंचे हात आपोआप जोडले गेले. मॅडमनी एक वात भिंगाखाली धरली, दुसरी धरली, सरकीचा डबा पाहिला, आईची चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "केस नाही, प्लॅस्टिकचा धागा नाही, कुठून आला ते लिहिलेलं. हे काम तुम्ही केलं?" मी खरं सांगितलं. "वाटलंच," त्या म्हणाल्या. पण वात हा नमुना होत नाही, हेही म्हणाल्या. ताई, तुमची बत्तीस घरं डोळ्यांसमोर आली आणि मला माझी फार लाज वाटली.

बाकी सर्व क्षेम. म्हशीला गोंजार.

तुझा,
लवू

ता. क. मॅडमनी अठरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तेवढ्यात आणखी तीन किलो पाठवशील का? खरं तर पत्र एवढ्यासाठीच होतं.

ता. क. २. सहा पाठव. आईच्या लाखाला अजून बरंच कमी पडतंय. गाठोडी दोन कर आणि दोन्ही आईच्या नावाने पाठव, माझ्या नको.

ता. क. ३. नवस कशाचा, हे काल विचारलं. गेल्या साली बोंडअळीने शेत खाल्लं तेव्हा तू फोनवर रडलीस ना, त्याच दिवशी बोलली होती ती. सुलूच्या रानात पुन्हा अळी येऊ नये, म्हणून. तेव्हापासून मीही तिच्याशेजारी बसून उरलेल्या मूठभर कापसाच्या वाती वळतोय. माझ्या वाती ती दुसऱ्या डब्यात टाकते. चांगल्यांना लागू नयेत म्हणून वेगळ्या ठेवल्यात, वर चिठ्ठीही लावली आहे: लवूच्या.