बाबांचं नाक आणि तुझा केक

दादा,

बेकरी उघडायला निघाले. बाबा दोन उशांवर टेकून झोपलेत, उशी काढू नकोस. सायनसच्या ऑपरेशननंतर नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही आणि पिठाच्या पोत्याला तर हातही लावायचा नाही. ऐकणार नाहीतच, तू खुशाल ओरड. शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकू दे. मिठाचं पाणी उकळून गार करून ठेवलंय, उठल्यावर त्यानेच नाक धुवायला लाव. रुमालावर गुलाबी डाग दिसले तर घाबरू नकोस. रक्त थांबेचना, तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन कर.

आता खरी गोष्ट. डॉक्टर म्हणाले, यांना कित्येक वर्षं वासच येत नसणार. आणि हा माणूस रोज पाव भाजत होता! बुडाला टिचकी मारून नुसत्या आवाजावरून ओळखायचे. कधी एक घाणा करपला नाही, आपल्याला पत्ता लागू दिला नाही. मी तर कोपरापासून हात जोडले.

तुझा तो संत्र्याचा केक आठवतो? "ठीक आहे" एवढंच म्हणाले आणि तू रागाने घर सोडलंस, ते थेट या ऑपरेशनसाठीच परतलास. काल मी विचारलंच. म्हणाले, "मला त्याची चवच लागली नाही गं. पोराची खोटी स्तुती कशी करू?"

काल त्यांना साबणाचा वास आला. लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा हात धुत होते.

ओट्यावर संत्री ठेवली आहेत. किसणी जुन्याच जागी आहे.

— चिमी