सोळा पदरी चाबूक

२२ एप्रिल, सकाळ
फादर लिसांद्रो घरी येऊन गेले. शेतकऱ्यांचा संत इसिद्रो, त्याच्या मिरवणुकीत मूर्तीच्या गाड्याचे बैल हाकायला आजवर माझ्या वडिलांनी विणलेला चाबूक असे. गेल्या वर्षी तो मधोमध तुटला. नवा मी करावा असे फादर म्हणाले. सण पंधरा मेला, आमच्याकडच्या थंडीच्या तोंडावर. मान खाली घालून हो म्हटले. आनंद दाखवला नाही. खिडकी उघडी होती.

तोच दिवस, दुपार
ठरले. वडिलांचा सोळा पदरी गोफच घालायचा. पंचक्रोशीत तो मला एकट्याला येतो. विणताना कोणाला पाहू द्यायचे नाही, नेमेसिओला तर नाहीच. नेमेसिओ म्हणजे माझ्या बायकोचा, ओब्दुलियाचा भाऊ. शेजारीच राहतो, लगाम आणि दावी विणतो. आठ पदरांपुढे त्याची मजल नाही. अशाच माणसांवर नजर ठेवावी लागते.

२५ एप्रिल
कातडे उत्तम मिळाले. रोड गाईचे, चंद्र उतरता असताना सोललेले. केस खरवडले. अंगठ्याच्या नखाला सुरी टेकवून वाद्या कापत होतो, तर नेमेसिओ येर्बाचा कडू चहा नळीने ओढत दारात उभा. म्हणाला, "दाजी, कातडं झकास गावलं की." त्याला कसे कळले? दार लावून घेतले.

२८ एप्रिल
काम कोठीत हलवले. कोठीला खिडकी नाही. अंधार आहे, पण बोटांना दिसते. ओब्दुलिया म्हणाली, "अहो, बटाटे काढायलाही आता तुमची परवानगी लागणार का?" मी म्हटले, दार वाजवून ये. संसार झाला तरी ती त्याची बहीण आहे, हे विसरून चालणार नाही.

१ मे
काल वाद्या मऊ राहाव्यात म्हणून कलेजी चोळून ठेवली होती. सकाळी एक वादी गायब. संशयाला जागाच नाही. उंबऱ्यावर राख पसरून ठेवली आहे.

२ मे
आणखी एक वादी गेली. राखेत पावले उमटली आहेत. कुत्र्याची. नेमेसिओच्या कुत्र्याची. हुशार माणूस स्वतः येत नाही.
कुत्रा नमुना बघून मालकाला सांगू शकत नाही, हे मान्य. पण वादी नेऊन देऊ शकतो.

४ मे
जपमाळ ओढताना नेमेसिओला मनापासून क्षमा केली. फार हलके वाटले. मग दाराला दुसरी कडी बसवली.

७ मे
गोफ पुरा झाला. शेवटचा पदर आत ओढला तेव्हा डोळे भरून आले. वडील म्हणत, विणताना मनात राग धरू नये, तो पदरात उतरतो. मी राग धरला नाही. फक्त लक्ष ठेवले.
आता वाळवण्याचा प्रश्न. ओल्या कातड्याचा नवा चाबूक आमच्याकडे फाटकाजवळच्या झाडाला टांगतात, टोकाला धोंडा बांधून, सरळ वाळावा म्हणून. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या कोणीही उभे राहून पदर मोजावेत. मी एवढा भोळा नाही. वेटोळे करून टोपलीत ठेवला, टोपली चुलीमागे, वर पोते. वाळणे म्हणजे वाळणे. झाडाला काय आणि टोपलीत काय.

९ मे
नेमेसिओ आला. "दाजी, चाबूक कुठं टांगलात? झाडाला दिसंना." म्हटले, वाळतोय. "कुठं पण?" घरात. "घरात कुठं?" निरागस माणूस एकदाच विचारतो. जाताना पुन्हा मागे वळला. "धोंडा बांधलाय ना?"
त्याला आता धोंड्याचाही पत्ता हवा आहे.

१० मे
प्रार्थनेनंतर फादरांनीही विचारले, "हिलारिओ, झाडाला काही दिसत नाही, काम होतंय ना?" म्हणजे नेमेसिओ तिथवर पोहोचला. मी फक्त हसलो. फादरांना उगाच पापात ओढायला नको.

१२ मे
टोपलीतून काढला. खडखडीत वाळला आहे. अंगाने जरा गोल झाला आहे. हाताळला की सुटेल. गोफ इतका देखणा की पाहत राहावे. पाहायला मी एकटाच, हे फारच छान.

१३ मे
चरबी चोळली. सुटला नाही. ओढून सरळ केला, सोडला, पुन्हा वेटोळे. चिवट माल आहे. आठ पदरी असता तर असा राहिला असता का?

१४ मे
कोठीमागे एक फटकारा मारून पाहिला. चाबूक पुढे गेला आणि परत आला. माझ्या कानावर. ओब्दुलियाने विचारले, कानाला काय झाले. गांधीलमाशी, म्हटले. ती म्हणाली, "मे महिन्यात, एवढ्या थंडीत?" प्रश्न विचारायचे वळण माहेरचे.
उद्या गाडा हाकणारा किरोगा आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा लांब आहे. सगळे ठीक होईल.

१५ मे, संत इसिद्रोचा सण
किरोगाने हात उचलला. चाबूक खाली सुटला नाही. दांड्याच्या टोकाला गोगलगायीसारखा बसून राहिला. किरोगाने जोर करून झटकला. तेव्हा तो सुटला, परत फिरला आणि किरोगाची टोपी घेऊन संताच्या पायांशी गेला. बैल जागचे हलले नाहीत. लोक आधी गप्प होते, मग नव्हते.
कोणीतरी पॉप्लरच्या झाडाची डहाळी तोडून दिली. त्या डहाळीने गाडा शेवटपर्यंत गेला.
फादरांनी चाबूक माझ्या हातात ठेवला. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. माझ्याकडे न बघता.
यात नेमेसिओचा हात आहे. कसा, ते शोधतो आहे.

१६ मे
नेमेसिओ आला. मी दार लावायच्या आत बसलासुद्धा. चाबूक हातात घेऊन म्हणाला, "दाजी, ओला गुंडाळून ठेवलात. म्हणून तर विचारत होतो, धोंडा बांधला का." त्याने चाबूक उलटसुलट केला. "सोळा पदरी का? हा गोफ तुमच्या वडिलांनी मला पण शिकवायला घेतला होता. मीच सोडला. बैलाला कुठं मोजता येतं?"
वडिलांनी हे मला कधीच सांगितले नाही.

१७ मे
चाबूक रात्रभर पाण्यात ठेवला होता. तसाच टांगला तर गोफ सैल पडेल. सगळा उसवून पुन्हा विणावा लागणार. कोठीत जीव घुसमटतो, म्हणून अंगणात बसलो, फाटक सताड उघडे टाकून. वाद्या जमिनीवर पसरल्या. वडिलांचा नमुना सुरुवातीपासून, भर उजेडात, पदरागणिक.
किरोगा गेला. बेकरीवाली गेली. फादर सायकलवरून गेले. नेमेसिओ दोनदा गेला, कुत्र्यासह.
कोणीही थांबले नाही. मी दोनदा मोठ्याने खोकलोही.