तेवीस सह्या

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पुन्हा चँडलर! चहा कपात ओतायच्या आत उल्हासने विषय काढला. त्या लांबच्या वाळवंटी शहरातल्या चिप कंपनीची ऑफर आलीय, नोव्हेंबरमध्ये जॉइन व्हायचंय. "इथे आहे काय, सांग ना? मका आणि हरणं!" खरंच आहे. नोव्हायसारखं शहर सोडून या थॉर्न काउंटीत, एवढ्याशा जिल्ह्यात आलो, तेही त्याच्याच प्लान्टसाठी. चार वर्षं झाली. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले.

११ सप्टेंबर

म्युझियम. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मला पगाराचं काम करता येत नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस हे फुकटचं. पुढच्या महिन्यात काउंटीला दीडशे वर्षं होताहेत, प्रदर्शन लावायचंय. डोरीनने कोर्टाच्या तळघरातलं एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. डोरीन म्हणजे आमची अध्यक्ष – वय एकोणऐंशी, काउंटी वसवणाऱ्या एलिहू थॉर्नची पणती. हे ती दिवसातून एकदा तरी सांगतेच.

खोक्यात १८७५ चा मूळ अर्ज निघाला. स्वतंत्र काउंटी हवी तर चाळीस रहिवाशांच्या सह्या लागत. चाळीस आहेत.

तरी बघताना कसंतरीच झालं. का ते कळेना.

१२ सप्टेंबर

कळलं! चाळीसातल्या तेवीस सह्या एकाच हातच्या!

नागपूरला सहकारी बँकेत अकरा वर्षं चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहायचं काम केलं. डोळा विसरत नाही. शाई बदललीय, अक्षर कुठे तिरकं केलंय, कुठे सरळ – पण प्रत्येक आडनावाच्या शेवटी तोच हात, तसाच किंचित थबकून उचललेला. दहा वेळा पाहिलं. भिंग घेऊन पाहिलं.

१५ सप्टेंबर

सांगू? की नको? उल्हासला विचारलं. "तुला काय करायचंय? व्हिसावर आहोत आपण. उगाच कुणाच्या पूर्वजांना चोर ठरवू नको यार. दोन महिन्यांत निघायचंय इथून."

चोर कुणी म्हटलं?

१८ सप्टेंबर

सांगून टाकलं. डोरीनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझे पणजोबा खोटारडे नव्हते." मग अगदी हळू – "आज तू घरी जा, प्रटीमा."

भिंग पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

२३ सप्टेंबर

म्युझियमला गेले नाही. घरातही बसवेना. गाडी काढली, काउंटीची हद्द संपते त्या पाटीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. उल्हास म्हणाला, गाडीत पेट्रोल कसं नाही?

२६ सप्टेंबर

डोरीन घरी आली! चार वर्षांत पहिल्यांदा. काखेत बुटांचं खोकं. आत तिच्या पणजीची, लवीनाची, बहिणीला लिहिलेली पत्रं. "तूच बघ," म्हणाली. दुसरं पत्र उलगडलं आणि तिथेच थांबले. अर्जावरचाच हात. डोरीनने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं.

मग तिने एक पत्र मोठ्याने वाचलं. लवीनाची मुलगी आजारी पडली, डॉक्टर नदीपलीकडे. नदीला पाणी. बैलगाडीत तीन दिवस पाणी ओसरायची वाट पाहत बसले. मुलगी तिथेच गेली. नेल नाव होतं, पाच वर्षांची. पूल मागायला एलिहू शेजारच्या काउंटीत गेला, तर ते म्हणाले, तुमची वेगळी काउंटी करा आणि बांधा. माणसं उरली होती सतरा. बाकीची थंडीत मेलेली, नाहीतर कंटाळून परत गेलेली. 'मी त्यांचीही नावं लिहिली,' लवीना लिहिते, 'ते इथे राहिलेच होते की. एलिहूला म्हटलं, तू फक्त पोचवून ये.'

"मला तिचं एवढंच माहीत होतं की ती ॲपल पाय छान भाजायची," डोरीन म्हणाली. रडली नाही. आल्याचा चहा दोन कप प्यायली.

४ ऑक्टोबर

कमिटीची मीटिंग. सह्यांची खरी गोष्ट प्रदर्शनात मांडायला सगळे नाही म्हणाले. उत्सव आहे, चौकशी नाही! अर्ज पुन्हा खोक्यात. डोरीन एक शब्द बोलली नाही. मला तिचा रागच आला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काय दिवस! कोर्टाच्या पायऱ्यांवर बँड, झेंडे, सफरचंदाचा सायडर. डोरीनला एलिहूवर पाच मिनिटं बोलायचं होतं. ती माइकपाशी गेली, पर्समधून लवीनाचं पत्र काढलं आणि वाचलं. सगळं. तेवीस सह्यांसकट. पहिल्या रांगेतले दोघे उठून गेले. मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "शेम!" – कुणाला, ते कळलं नाही. मग एका बाईने टाळी वाजवली, मग बऱ्याच वाजल्या. डोरीनने मला वर बोलावलं. "हिने वाचलं. आम्ही दीडशे वर्षं नुसतं बघत होतो."

उल्हास आला नव्हता. पॅकर्सना फोन करायचे होते त्याला.

२१ ऑक्टोबर

चँडलरच्या अपार्टमेंटचं लीज टेबलावर पडलं होतं. खाली दोन सह्या. एक त्याची. दुसरी माझ्या नावाची – मी न केलेली.

"अगं, तू म्युझियममध्ये होतीस. त्यांना त्याच दिवशी हवं होतं. तू हो म्हणालीच असतीस ना?"

फाइल काढली. या घराचं लीज. नोव्हायचं लीज. दोन्हीकडे माझं नाव, त्याचा हात. माझ्या कपाटात सात वर्षं पडलेले कागद! जगाच्या सह्या तपासल्या मी. या कधी पाहिल्याच नव्हत्या.

तो म्हणाला, एवढं काय त्यात.

२४ ऑक्टोबर

तीन दिवस घरात फक्त चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. तो खोकी भरतोय. माझी मी भरतेय.

१ नोव्हेंबर

उल्हासला डेट्रॉइट विमानतळावर सोडलं. एकटाच गेला. व्हिसाचं काय, ते नंतर बघू. मी डोरीनच्या घरातली वरची खोली घेतलीय. खिडकीला अजून पडदे नाहीत.