भरल्या टाकीची गाडी

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू बाबांना पाठवलेला, इंधनावर चालणारा रिमोटचा खेळण्यातला ट्रक पुन्हा आजारी पडला. हसू नकोस. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायला बंदी केली, तेव्हापासून फाटकाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस या हातभर ट्रकपायी रोज मागच्या माळावर जायला लागला होता. धक्के झेलणारे प्लास्टिकचे शॉक-अब्सॉर्बर काढून धातूचे बसवले, जाड नक्षीचे टायर चढवले. ट्रकने मातीच्या ढिगावरून उडी मारली की शेजारच्या शिंप्याकडे असे बघायचे, जणू स्वतःच उडालेत.

पण इंजिन सारखं जाम होतं. उघडलं की आतलं बेअरिंग गंजलेलं. नवं घातलं, तेही गंजलं. आता ट्रक कपाटावर गेलाय आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. मला इंजिनाची नाही, त्यांची काळजी वाटते. यंत्रांतलं कळतं म्हणून तुला लोक पगार देतात ना? मग लाव डोकं.

लोभ आहेच, उत्तराला आळस नको.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दवाखान्यातलं क्ष-किरण यंत्र उघडं टाकून विचार करत बसलो. साहेबांनी हटकलं. माझा ट्रकही त्याच बनावटीचा. मी तर तो चिखलातही घालतो, तरी बेअरिंगला काही होत नाही. मग बाबांचंच का गंजावं? डबक्यात नेतात का? नळाखाली धुतात का? इंधन कुठलं घालतात? माळावरून आल्यावर ते काय काय करतात ते सगळं लिही. तुला फालतू वाटेल तेही लिही. छडा लागल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मोठेपणाने धाकट्यावर लोभ ठेव, टोमणे थोडे आवर.
तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

डबकं नाही, नळ नाही, इंधन दुकानातलं सीलबंद. घरी आले की ब्रशने धूळ झाडतात, स्क्रू आवळतात, टाकी काठोकाठ भरतात आणि वर फडकं पांघरतात. टाकीचं तर मी लिहिणारही नव्हते, त्यात नवल ते काय? बाबा खराखुरा मोठा ट्रक चालवायचे तेव्हाही कितीही दमून आले तरी टाकी भरल्याशिवाय घरात शिरायचे नाहीत. आई जेवण पुन्हापुन्हा गरम करून वैतागायची, आठवतं?

आज जेवायलाही उठले नाहीत. लवकर लिही, आणि आम्हां दोघांवर लोभ असू दे.
ताई

२२ मार्च

तीर्थस्वरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लहान तोंडी मोठा घास घेतोय, रागावू नका. तुमची सवय मोठ्या गाडीला मानवली, हिला बाधते. डिझेल टाकीत गुमान पडून राहतं. या छोट्या ट्रकचं इंधन मात्र मिथेनॉलचं, ते झिरपून इंजिनात उतरतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि बेअरिंग गंजवतं. म्हणून चालवून झालं की टाकी ओतून काढा, उरलंसुरलं जळून इंजिन आपोआप बंद पडू द्या आणि आत तेलाचे थेंब सोडा.

सोबत नवं बेअरिंग आहे. ट्रक खाली काढा, बाबा. तुम्ही माळावर जात होतात तेव्हा मला इथे शांत झोप लागायची.

माया आहे, ती कळवतही जा.
तुमचा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पोराकडून गाडी शिकायची वेळ आली. शिकलो. बेअरिंग बसवलं, माळावर गेलो, इंजिन खणखणीत बोललं. ताईच्या हाती रिमोट दिला, तर तिने ट्रक थेट शिंप्याच्या सायकलवर घातला. वर म्हणते, गाडीच वांड आहे.

घरी येऊन टाकी ओतायला घेतली आणि हात थबकला. कधी कुणाला बोललो नाही. टाकी भरलेली असली, की उद्या कुठेतरी जायचंय असं वाटून मला झोप लागायची. डॉक्टरांनी थांबवल्यावर तेवढंच उरलं होतं. रिकामी करायची म्हणजे प्रवास संपला, हे आपल्याच हाताने कबूल करायचं. बराच वेळ पायरीवर बसून राहिलो. ताई शेजारी येऊन बसली. मग ओतली. तेलही सोडलं.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. आमचा लोभ आहे, तो तुझ्या बेअरिंगवर अवलंबून नाही.
बाबा

ता. क. टाकी रिकामी आहे. इंधनाची बाटली मात्र काठोकाठ भरून माझ्या चपलांशेजारी ठेवली आहे.