सात दिवसांची एकच यादी

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी विचारलं की या हॉस्पिटलात संगणकयुग कुणी आणलं, तर पुरावा हवा.
प्रोग्रामिंगचा कोर्स सुरू केलाय. धडे चाळीस. तीन झाले. उरलेले सदतीस ज्यांना पटकन कळत नाही त्यांच्यासाठी असावेत.
मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, ड्यूटीची यादी यापुढे प्रोग्राम करेल, मेट्रनबाईंचा फळा बाद. म्हणाले, एक आठवडा करून बघा. फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होते, पण मान नक्की माझ्याकडे बघून हलवली.
संकल्प: १६ तारखेला, रविवारी, सकाळी दहाला लेकीची पोहण्याची शर्यत. मागच्या दोन हुकल्या. दोन्ही वेळा ड्यूटी. आता यादीच माझ्या हातात. पक्का शब्द दिलाय.

बुधवार, ५
सोमवारची यादी टाइप केली. पाच सिस्टर आणि रिसेप्शनवर मी. मग मंगळवार = सोमवार. बुधवार = सोमवार. असं थेट रविवारपर्यंत. सहा ओळींत आठवडा खलास! मेट्रनबाईंची फळा लिहिण्यात अख्खी दुपार जाते.
शिवाय तीन बॅकअप. बॅकअप-एक = सोमवार. बॅकअप-दोन = सोमवार. तिसराही तसाच. लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकतात. मी आधीच फुंकतो.

गुरुवार, ६
लेकीने डोकावून बघितलं. नववीत आहे. म्हणाली, अहो बाबा, या वेगळ्या याद्या नाहीतच, यादी एकच आहे. डबा एक आणि त्याला लेबलं दहा चिकटवलीत. कुठल्याही नावाने उघडून काही काढलंत तर सगळीकडूनच जाणार. प्रत्येक दिवसाला कॉपी करून द्या, एका शब्दाचं काम आहे.
मी म्हटलं, कॉपी करणाऱ्यांतला मी नाही, शाळेतसुद्धा केली नाही. स्वयंपाकघरातून ही उगाचच खोकली.
दहा लेबलं लावल्याचं कौतुक कुणालाच नाही.

रविवार, ९
शेवटचा हात फिरवला. लॅबवाला फक्त मंगळवारी येतो, त्याला मंगळवारात घातलं. एका सिस्टरची गुरुवारी दाढ काढायचीय, त्यांना गुरुवारातून काढलं. स्वतःला रविवारातून काढलं. छापून भिंतीवर लावलं. छापलेलं वाचून बघितलं नाही. यंत्रावर अविश्वास दाखवणं बरं नव्हे.
शिपाईमामांकडून फळा अडगळीच्या खोलीत ठेववला. मी जातीने उभा होतो.

सोमवार, १०
लॅबवाला हजर. सातही दिवस त्याचं नाव आहे म्हणे. दाढवाल्या सिस्टर आल्याच नाहीत. फोन केला तर उलट आभार मानायला लागल्या, एका दाढेला आठवडाभर रजा!
माझं नाव कुठेच नाही. सकाळभर हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, त्याचा इथे फक्त उल्लेख करतो.
बॅकअप उघडले. तिन्हींत हाच गोंधळ. पण तिन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात. एवढी शिस्त हल्ली कुठे बघायला मिळते?
व्हायरस असावा.

मंगळवार, ११
माझं नाव सोमवारात घातलं. सातही दिवसांत आलं. रविवारातून काढलं. सातही दिवसांतून गेलं. घातलं, आलं. काढलं, गेलं. असं अकरा वेळा. नाव घातलेलं असताना प्रिंटरने कागद बाहेर टाकला आणि मेट्रनबाईंनी तो उचलला.
फळा परत आला. बाईंनी कागदावरून सगळं उतरवलं, लॅबवाला आणि दाढ दोन मिनिटांत खडूने निस्तरली. मग खडू हातात धरूनच विचारलं, रविवारी तुम्ही नक्की ना? पाचही सिस्टर बघत होत्या. मी म्हटलं, यादी विचार करूनच केलेली आहे.

शुक्रवार, १४
लेकीला सांगायचं राहिलंय. दमून आली होती. म्हणाली, पहिल्या रांगेत बसा, वळताना तेवढीच रांग दिसते. हो म्हटलं. उद्या सांगेन.
मेट्रनबाईंशी बोलणं हा एक उपाय आहे. पण त्यात सिस्टिमची अब्रू जाते.

रविवार, १६. सकाळी साडेअकरा
रिसेप्शन. पेशंट तीन.
हिचा फोन आला. लेक दुसरी आली. वळताना मला पहिल्या रांगेत शोधत राहिली म्हणे, तिथेच मागे पडली. फोनवर यायला नको म्हणाली. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.
मेट्रनबाई राउंडला आल्या. चेहरा का पडलाय म्हणाल्या. सगळं सांगितलं, व्हायरस वगळून. त्या फळ्यापाशी गेल्या आणि ओल्या बोटाने रविवारातलं माझं नाव पुसलं. म्हणाल्या, मंगळवारी सांगितलं असतंत तर मंगळवारीच पुसलं असतं. जा घरी, मी बसते इथे.
निघताना फळा बघितला. रविवारातून माझं नाव गेलं होतं. बाकीच्या सहा दिवसांत ते जागच्या जागी होतं.