एका नजरेत अकरा गाड्या

नार्वे, डिचोली
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सिद्धीबाय हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळी बरी आहोत. आईचा गुडघा थंडीत धरतो, पण सप्तकोटेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाते आणि येताना पोदेराशी पाव लहान झाले म्हणून भांडून येते, म्हणजे तब्येत ठीकच म्हणायची. तुझ्या रेश्मावहिनीनं परसात तांबडी भाजी केली आहे. यंदा चांगली आली.

हातात फोन असताना दादा पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. घर लहान, दारं-जनेलं उघडी, इथं बोललेलं तिकडे आईला ऐकू जातं. शिवाय फोनवर तू मधेच प्रश्न विचारतेस. पत्रात तुला तसं करता येत नाही.

गाड्यांचं वेड उतरलं का, असं तू दिवाळीत विचारलं होतंस. नाही उतरलं. अडतीस वर्षांचा शाळेच्या बसचा ड्रायव्हर व्हिडिओ गेममधल्या गाड्यांची खेळणी जमवतो हे दुसऱ्या कोणाला सांगताना मी चाचरतो, तुझ्यापुढे नाही. मावशीच्या टीव्हीवर आपण शर्यतीचा गेम खेळायचो आणि निळी गाडी तू कायम बळकावायचीस. पुढं कितीतरी वर्षांनी तीच गाडी म्हापशाच्या बाजारात एका दुकानात दिसली, धातूची, बोटाएवढी, दारावर तोच सात नंबर. ती पहिली. आता बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आहे. पाच फळ्या, प्रत्येक फळीवर अकरा. मधे मधे गेममधली माणसं उभी केली आहेत, रोबो, तलवारवाला, छत्रीवाली बाई, सगळी अंगठ्याएवढी. रेश्मा म्हणते, देवासमोर हात जोडून हा जेवढा उभा राहत नाही तेवढा कपाटासमोर राहतो. म्हणू दे.

गेल्या रविवारी पेडण्याकडे गेलो होतो. हळर्णला देवेश म्हणून माझा मित्र राहतो, बँकेत आहे, तोही हेच जमवतो. फरक एवढाच की तो पाकीट फोडत नाही आणि मी फोडल्याशिवाय राहत नाही. यावरून आमचं दर वेळी वाजतं. मी गेलो होतो एका लाल ट्रकसाठी. त्यात स्टिअरिंगवर शेपटीवाला ड्रायव्हर बसलेला असतो, असा ट्रक एकच वर्ष निघाला. देवेशकडे दोन होते, म्हणून एक बाहेर काढून त्यानं माझ्यासाठी मेजावर ठेवला होता. मी बसलो, चहा घेतला, समोरच्या गाड्या एकेक उचलून बघितल्या आणि विचारलं, अरे, तो ट्रक कुठं आहे? तो माझ्या डाव्या कोपराशी होता. मी वळलो आणि तो खाली पडला. शेपूट तुटली.

तुकडा शोधून देवेशनं कागदात गुंडाळला. मग म्हणाला, "गौरेश, तू बस कशी चालवतोस?"

मी हसलो. म्हटलं, हातानं आणि पायानं. तो हसला नाही.

मोटारसायकल पंक्चर होती म्हणून मी बसनंच गेलो होतो. चार वाजताच निघालो, उजेडात घरी पोचायला.

आणखी एक. तुझ्या कानावर कुठून आलं तर घाबरू नकोस. बुधवारी सकाळी बस थांब्यावर घेताना एक मुलगी डावीकडून पुढं आली. बसमध्ये आमच्या सुमंगलाबाई असतात, मुलांना चढवायला-उतरवायला. त्या ओरडल्या आणि मी ब्रेक दाबला. मुलीला काही झालं नाही, नुसतं दप्तर पडलं. ऊन अगदी डोळ्यांवर होतं. शाळेतही मी तेच सांगितलं.

बाबा आठवतात हल्ली. फेरीबोटीवरची नोकरी चव्वेचाळिसाव्या वर्षी सोडून घरी बसले, आणि कुठं गेले तरी दिवेलागणीच्या आत परत यायचे. आपण म्हणायचो, बाबांना भुतांची भीती. आठवतं?

सिद्धीबाय, दिवाळीला तू सांगत होतीस की तुझी अंकिता फार धांदरट झाली आहे, दाराला आपटते, पेला लवंडते, संध्याकाळी खेळताना मैत्रिणींच्या मागं राहते. सगळी हसली होती, मीही हसलो. ती अजून आपटते का? एवढंच कळव. घाई नाही.

नाही, घाई आहे.

तुझा
दादा


नार्वे
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय सिद्धीबाय,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे.

तुझा निरोप शुक्रवारी, चोवीस तारखेला सकाळी साडेसातला आला. "दादा, आधी बस थांबव. बाकी मागाहून." मी तेव्हा चौथ्या थांब्यावर होतो आणि मुलं चढत होती. मी तो वाचला आणि इंजिन बंद केलं. मग चावी काढायला गेलो तर हात उचलेना. मागं सव्वीस मुलं, कोणी डबा उघडतंय, कोणी गाणं म्हणतंय, आणि माझ्या पाठीवरून घाम उतरत होता. चाळीस किलोमीटरचा वेग नव्हता, घाट नव्हता, बस जागच्या जागी उभी होती, तरी आयुष्यात एवढा कधी भ्यालो नाही.

सुमंगलाबाईंनी पुढं येऊन विचारलं, काय झालं. मी त्यांना हळूच सांगितलं, मला कडेचं दिसत नाही.

त्या म्हणाल्या, "माका खबर आसा. तीन महिने मी बाकावर बसलेली नाही. दारात उभी राहते, डावीकडचं बघायला. मला वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन महिने ती बाई रोज सकाळी माझ्या बसमध्ये भीत भीत चढली, आणि मला वाटत होतं की कोणाच्या लक्षात येत नाही. मी शाळेत फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला. तो येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही तिथंच होतो. मग चालत शाळेत गेलो, मोठ्या बाईंच्या टेबलावर चावी ठेवली आणि बुधवारचं खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं की हे मला कधीपासून माहीत होतं.

तुला सांगतो. त्या बुधवारी ऊन नव्हतं. ढग होते. मोटारसायकल पंक्चर नव्हती, गणपतीनंतर मी ती चालवलेलीच नाही, कारण मलाच भीती वाटायची. माझा जीव मी मोटारसायकलवर घालत नव्हतो आणि लोकांची मुलं बसमध्ये घालत होतो. तुला पत्र टाकून आल्यावरसुद्धा मी चार दिवस बस चालवली. हे लिहिताना लाज वाटते, पण हे न लिहिता बाकीचं लिहिलं तर पत्राला काही अर्थ नाही.

मी कपाटासमोर उभा राहायचो ते गाड्या बघायला नव्हे. जमिनीवर एक तडकलेली लादी आहे, तिच्यावर पाय ठेवून मधल्या फळीवरच्या सहाव्या गाडीकडे बघायचं आणि मान न हलवता किती दिसतात ते मोजायचं. दोन वर्षांपूर्वी अकराच्या अकरा एका नजरेत यायच्या. गेल्या गणपतीत सात. नाताळात पाच. आता तीन. त्यांच्या कडेला काळं नाही दिसत गो, लोकांना वाटतं काळं दिसत असेल. काहीच नसतं. पाठीमागं आपल्याला जसं काही दिसत नाही, तसं. ते हळूहळू पुढं सरकत येतंय.

या बुधवारी पणजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. रेश्मा बरोबर होती. तिला शुक्रवारी दुपारीच सांगितलं. ती रडली नाही, उठून तिनं बाहेरच्या खोलीतलं मेज भिंतीला लावलं, वाटेतून बाजूला. डॉक्टरांकडे एक यंत्र आहे, आत डोकं ठेवायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेनं बारीक दिवे लागतात आणि दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला आधी बरं वाटलं. बटण दाबण्यात तू मला कधी हरवलं नव्हतंस. पाच-सहा दिवे दिसले, दाबले. मग दिवे थांबले. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पण आतून टक् असा आवाज येतच होता, एकामागून एक, आणि प्रत्येक टक् म्हणजे लागलेला एक दिवा होता हे मला मागाहून कळलं. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो होतो. बाजूला बसलेली रेश्मा ते ऐकत होती.

डॉक्टर भले आहेत. म्हणाले, डोळ्याचा पडदा कडेकडेनं निकामी होत येतो. नाव लांबलचक आहे, कागदावर आहे. औषध नाही. मधली नजर किती वर्षं राहील ते सांगता येत नाही, पुष्कळ वर्षंही राहते. मग त्यांनी विचारलं, वडिलांना होतं का.

मी घरी येऊन आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "तुमच्या बाबांनी मला शपथ घातली होती. मुलीचं लग्न व्हायचं होतं."

बाबांना दिसत नव्हतं, सिद्धी. ते आळशी नव्हते आणि भुतांना भीत नव्हते. फेरीवर एका संध्याकाळी धक्क्याचा अंदाज चुकला, दोर फेकताना एक माणूस पाण्यात पडला, तो वाचला, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी नोकरी सोडली. कारण सांगितलं नाही. तुझ्या लग्नात तुझे सासरे हात जोडून उभे होते आणि बाबा त्यांच्या अंगावरून सरळ पुढं गेले. त्यावरून तू त्यांच्याशी दोन वर्षं बोलली नाहीस, आणि मग बोलायला ते राहिले नाहीत. हे तुला सांगू नये असं आईचं म्हणणं आहे. मी सांगतोय. तू रडशील, मला माहीत आहे. पण त्यांनी लपवलं म्हणून मला वेळेवर कळलं नाही, मी लपवलं असतं तर एखादं मूल गेलं असतं, आता तिसऱ्यांदा तेच नको.

डॉक्टर म्हणाले, बापाकडून आलेलं असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. तुला येऊ शकतं. तुझ्यात काही दिसत नसलं तरी तपासून घ्यायचं. आणि अंकिताला नक्की. तिचं नुसतं धांदरटपण असेल. अकरा वर्षांची मुलं आपटतातच, तूही आपटायचीस. मी रोज सकाळी उठल्यावर हे स्वतःला सांगतो, आणि दुपारपर्यंत पुरत नाही.

मी त्याच डॉक्टरांकडे तुमच्या दोघींची नावं घातली आहेत, सोमवार दहा तारीख, सकाळी दहा. तिला शाळेतून सुट्टी काढ. खोटं सांगू नकोस तिला, डोळे तपासायचे आहेत म्हणून सांग. मामाला होतं म्हणून आपलेही बघतात, असं सांग. विचारलं तर मला कसं दिसतं ते मी सांगेन. लहानपणी बाबांनी मला कधी सांगितलं असतं तर मी घाबरलो असतो, पण त्यांच्याजवळ बसून घाबरलो असतो.

भिऊ नकोस असं लिहिणार होतो. लिहीत नाही. कोणत्या तोंडानं लिहू?

शाळेत मोठ्या बाईंनी निरोप पाठवला आहे, कार्यालयात काही काम देता येईल का ते बघतात. बघू. सुमंगलाबाई नव्या ड्रायव्हरच्या बसमध्ये पहिल्याच दिवशी बाकावर बसल्या, असं त्यांनीच येऊन रेश्माला सांगितलं.

फोंड्याहून तुम्ही लवकरची बस धरा. मी साडेनऊला पणजीच्या स्टँडवर असेन. गर्दीत मी तुम्हाला शोधू शकणार नाही, तूच हाक मार. मी एकटा येईन म्हटलं होतं, रेश्मा ऐकत नाही, तीही येते. पायऱ्या उतरताना मला हात द्यायला येऊ नकोस, लोक बघतात.

नाही. ये. हात दे.

भ्यालेलो आहे, पण येतो आहे.

तुझा
दादा